स्वीडनमधून हिवाळ्यात परतताना: शेवटच्या सहा आठवड्यांची आवराआवर

स्वीडनमधलं शरद सत्र ऑगस्टअखेरीस सुरू होतं आणि जानेवारीच्या मध्यावर, साधारण १७-१८ तारखेला संपतं. सोलापुरात त्याच दिवसांत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेचे नंदीध्वज निघालेले असतात. त्यामुळे दिवाळी झाली की घरून विचारणा सुरू होते, "गड्ड्याला पोचतोयस ना?" आणि 'हो' म्हणून अनेक जण १० किंवा ११ जानेवारीचं तिकीट काढून मोकळे होतात. डिसेंबरात वेळापत्रक नीट पाहिल्यावर कळतं की शेवटचा पेपर १५ तारखेला आहे. मग तिकीट बदलण्याचे पैसे भरा, नाहीतर पेपर सोडा.

म्हणून सगळ्यात आधी प्रत्येक विषयाचं वेळापत्रक उघडा आणि शेवटचा पेपर, सादरीकरण किंवा अहवाल कधी आहे ते लिहून घ्या. त्यात किमान दोन दिवस मिळवा. घरी शब्द द्यायचा तो त्यानंतर. यात्रेतला अक्षता सोहळा चुकला तरी होम मैदानावरचा गड्डा पुढे कितीतरी दिवस भरलेला असतो. सुटलेला पेपर मात्र पुन्हा द्यायचा तर बहुतेक वेळा स्वीडनलाच यावं लागतं.

आधी कामांचे दोन ढीग करा

शेवटच्या आठवड्यांत गोंधळ होतो तो कामं जास्त असतात म्हणून नव्हे, तर चुकीच्या क्रमाने घेतल्यामुळे. एका ढिगात दुसऱ्या कुणाचा हात लागणारी कामं ठेवा: सही, शिक्का, खोलीची तपासणी, बँकेतली भेट, प्राध्यापकांचं पत्र. दुसऱ्या ढिगात एकट्याने, रात्री बारालाही करता येणारी: अभ्यास, बांधाबांध, साफसफाई, विक्रीच्या जाहिराती.

पहिला ढीग १८-१९ डिसेंबरपर्यंत संपला पाहिजे. तिथून ६ जानेवारीपर्यंत विद्यापीठाची कार्यालयं बंद असतात किंवा एखाद-दुसरा माणूस हजर असतो. स्वीडनमध्ये नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळीच साजरा होतो. २५, २६, १ जानेवारी आणि ६ जानेवारी या सरकारी सुट्ट्या आहेत आणि ३१ लाही सगळं थंडच असतं. ६ तारखेची सुट्टी आपल्याला माहीत नसते आणि नेमकी तीच नडते. ७ ला कार्यालयं उघडतात तेव्हा दोन आठवड्यांची पत्रं त्यांच्यापुढे साचलेली असतात. "जानेवारीत गेल्यावर सही घेऊ" म्हणणाऱ्यांना मग विमानतळावर जाण्याच्या आदल्या दिवशी रांगेत उभं राहावं लागतं.

कागदपत्रं

निकालाची सगळी नोंद लाडोक या प्रणालीत असते. तिथून निकालपत्र इंग्रजीत उतरवून घेता येतं आणि ते खरं आहे का हे ऑनलाइन पडताळता येतं. अडचण आपल्याकडच्या खिडकीवर येते. तिथल्या कारकुनाला शाईचा शिक्का आणि सही हवी असते. तुमच्या मूळ महाविद्यालयाला काय चालतं हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईमेलवर लेखी विचारा. शिक्क्याची प्रत लागणार असेल तर तिकडच्या आंतरराष्ट्रीय विभागाला आत्ताच सांगून ठेवा, कारण जानेवारीच्या पेपरांचे निकाल तुम्ही परतल्यावरच लागणार. बऱ्याच विद्यापीठांत तपासणीला कामाचे १५ दिवस दिलेले असतात. म्हणजे १५ जानेवारीचा निकाल फेब्रुवारीत.

लाडोकमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. एका विषयाचे अनेक भाग असतात: लेखी परीक्षा, प्रयोग, चर्चासत्रातली हजेरी. एकही भाग नोंदवायचा राहिला तर पूर्ण विषयाची श्रेणी लागत नाही. ऑक्टोबरात दिलेल्या प्रयोगाच्या अहवालाची नोंद शिक्षकांकडून राहून गेली, असं होतं. ते आज दिसलं तर एका ईमेलचं काम आहे, मार्चमध्ये सोलापुरातून दिसलं तर महिनाभराचं.

स्वीडिश निकालपत्रावर टक्केवारी किंवा क्रमांक नसतो. कुठे 'ए' ते 'एफ', कुठे फक्त नापास, पास आणि विशेष प्रावीण्य, तर अभियांत्रिकीत बहुधा ३, ४, ५. आपल्या अर्जात 'टक्के' असा रकाना असतोच. तिथे स्वतःच्या अंदाजाने आकडा भरू नका. श्रेणीपद्धती समजावणारं विद्यापीठाचं एक पान आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम सोबत जोडा. अभ्यासक्रम त्या सत्राला लागू असलेल्या आवृत्तीचाच हवा, कारण तो दरवर्षी बदलू शकतो. श्रेयांकांचं गणित सोपं आहे: पूर्ण सत्र ३० श्रेयांकांचं आणि दीड श्रेयांक म्हणजे एका आठवड्याचा पूर्णवेळ अभ्यास.

पदव्युत्तर पदवी पूर्ण करून येत असाल तर पदवी आपोआप घरी येत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्जाआधी लाडोकमधलं नाव पारपत्राशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही पद्धत तिकडच्या रकान्यांत नीट बसत नाही आणि वडिलांचं नाव कुठेतरी गळतं किंवा आडनावाला चिकटतं. भारतात समकक्षतेसाठी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडे जाताना हा फरक अडवतो. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचं प्रमाणन, लागणार असेल तर स्वीडनमध्ये ते नोटारियस पब्लिकस हा नोटरी करून देतो.

परीक्षा

लेखी परीक्षेला 'टेंटा' म्हणतात. टेंटासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या एक-दोन आठवडे आधीच संपते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या पेपरची मुदत त्यामुळे ऐन नाताळात येते. ही एक तारीख फोनमध्ये गजर लावून ठेवण्याइतकी महत्त्वाची आहे. नोंदणी नसेल तर जागा उरली तरच बसू देतात, काही ठिकाणी तेही नाही.

काही विद्यापीठांत तास सव्वाला सुरू होतात, ठोक्याला नाही. परीक्षेला ही सवलत धरू नका. आठचा पेपर म्हणजे आठ. मूळ ओळखपत्र न्या, म्हणजे पारपत्र, फोनमधला फोटो चालत नाही. पेपर चार-पाच तासांचा असतो आणि खायला आत नेता येतं. वाजणारी पिशवी मात्र नको. कडक भाकरीही नको, शांत सभागृहात तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. केळं आणि लोण्याचा पाव बरा.

नापास झालात तर फेरपरीक्षा, म्हणजे ओमटेंटा, असते. ती भारतातून, देखरेखीखाली देता येईल का हे निघण्याआधी शिक्षकांना विचारून उत्तर लेखी घ्या. काही विभाग परवानगी देतात, काही साफ नाही म्हणतात. तिकडे असताना विचारणं आणि निकालानंतर इकडून विनवणं यात फार फरक पडतो.

अंधार आणि बर्फ

सोलापुरात सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. २१ डिसेंबरला स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. दक्षिणेला लुंडमध्ये दिवस साधारण सात तासांचा, उत्तरेला उमेओत साडेचारच्या आसपास, आणि किरुनात तर या दिवसांत सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्यात ढग असले की दुपारही संध्याकाळसारखी जाते.

परीक्षेच्या दिवसांत याचा पहिला फटका झोपेला बसतो. सकाळी उजेड नाही म्हणून उठवत नाही, म्हणून रात्री झोप येत नाही, आणि आठवड्याभरात झोपायची वेळ पहाटे चारवर जाते. वाचनाची वेळ कशीही लावा, पण अकरा ते एक यातला अर्धा तास तरी बाहेर चालून या, ढगाळ असलं तरी. खिडकीतून मिळणारा उजेड पुरत नाही. उठल्यावर टेबलाचा दिवा डोळ्यांसमोर लावा आणि उठण्याची वेळ सुट्टीतही बदलू नका. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्या तर मात्रा डॉक्टरांना विचारून. मन सतत खचलेलं वाटत असेल तर ११७७ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करा, तिथे परिचारिका इंग्रजीतही बोलतात. आणीबाणीत ११२.

घरच्यांशी बोलण्याची वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात फरक साडेचार तासांचा असतो, सोलापुरातले रात्रीचे दहा म्हणजे तिकडचे साडेपाच. आईवडील जागे असताना बोलायचं तर फोन दुपारीच व्हायला हवा. अभ्यास संपवून रात्री नऊला फोन लावाल तेव्हा घरी दीड वाजलेला असतो.

घसरून मनगट मोडणं हा या दिवसांतला खरा धोका आहे. दिवसा बर्फ वितळतो, संध्याकाळी त्या पाण्याचा काचेसारखा थर होतो आणि तो दिसत नाही. बुटांना बाहेरून चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे किराणा दुकानातही मिळतात. ते घाला, पावलं छोटी टाका, हात खिशाबाहेर ठेवा. दुकानात किंवा इमारतीत शिरताना पट्टे काढा, गुळगुळीत फरशीवर तेच घसरवतात. कोटाला परावर्तक लटकवा. गाडीच्या मंद दिव्यात काळा कोट चालकाला २५-३० मीटरवरून दिसतो, परावर्तक सव्वाशे मीटरवरून. छपरांखाली 'बर्फ पडण्याचा धोका' अशी पाटी दिसली तर रस्त्याच्या त्या बाजूने जाऊ नका.

घरच्यांसाठीही एक गोष्ट: डिसेंबरात खाऊचं पार्सल पाठवू नका. नाताळाच्या गर्दीत ते अडकतं, युरोपबाहेरून आलेल्या पार्सलवर कर आणि हाताळणी शुल्क लागू शकतं, आणि मुलगा सोलापुरात पोचल्यावर शेंगा चटणी उप्सालात पोचते.

खोली सोडणं

खोलीसाठी भरलेली ठेव अडकते ती इथे, म्हणून या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

करार आज उघडून पाहा. एका सत्रासाठी आलेल्यांचा करार बहुधा ठरलेल्या तारखेला आपोआप संपतो. बाकीच्यांना लेखी सूचना द्यावी लागते, विद्यार्थी वसाहतींत एक ते तीन महिने आधी. १५ जानेवारीला निघणाऱ्याने १ जानेवारीला सूचना दिली तर पुढच्या महिन्यांचं भाडं सोलापुरातून भरायचं. किल्ली परत करायची वेळही पाहा. ती बरेचदा दुपारी बाराची असते आणि विमान रात्रीचं. मधले तास सामानासह कुठे काढायचे ते आधी ठरवा.

साफसफाईचा स्वीडिश निकष आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपण जमीन आणि भांडी पाहतो. तपासायला येणारा माणूस शेगडी पुढे ओढून मागची भिंत पाहतो, कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवतो, दिव्याच्या घुमटातले मेलेले किडे पाहतो. त्याची यादी घरमालकाकडे छापील मिळते, ती मागून घ्या आणि तिच्याच क्रमाने जा. खोलीचे फोटो सफाईनंतर, तारखेसह काढा.

ओव्हन: 'सोपा' नावाचा स्वीडिश पातळ साबण जाड थराने आत फासा, १०० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा, थंड होऊ द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. जळलेलं तेल मऊ होऊन सुटतं. विकतच्या तिखट फवाऱ्यांची गरज पडत नाही, आणि बंद खिडक्यांच्या खोलीत ते घशाला लागतात.

चुलीवरच्या पंख्याची जाळी: रोज फोडणी देणाऱ्यांच्या जाळीत मेणासारखा थर बसतो. जाळी काढून भांडी धुण्याच्या मशीनमध्ये, नसेल तर भांड्यांचा साबण घातलेल्या कढत पाण्यात तासभर बुडवून ठेवा. फोडणीचा वास पडद्यांत राहतो, तेव्हा पडदे धुलाईच्या सामाईक खोलीत धुऊन घ्या. त्या खोलीची वेळ आरक्षित करावी लागते आणि नाताळाआधीचा व निघण्याआधीचा आठवडा सगळ्यांनाच हवा असतो. दहा-बारा दिवस आधी नाव लावा.

हळद: घरी पिवळा पडलेला डबा आपण उन्हात ठेवतो आणि दोन दिवसांत डाग जातो, कारण हळदीचा रंग प्रकाशात विरतो. डिसेंबरातल्या स्वीडनमध्ये ते ऊनच नाही. ओट्यावरच्या डागाला खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप अर्धा तास लावून ठेवा, किंवा हात निर्जंतुक करण्याचं अल्कोहोलचं द्रावण कापसावर घेऊन पुसा. तरीही राहिला तर पातळ केलेलं क्लोरिन. पण क्लोरिन आणि व्हिनेगर एकाच दिवशी एका जागी वापरू नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू तयार होतो.

न्हाणी: काचेवर आणि नळावर क्षाराचे पांढरे डाग बसतात. त्यावर 'एत्तिका' हे तिकडचं व्हिनेगर उत्तम. मात्र दुकानात ते १२ आणि २४ टक्क्यांचं मिळतं. २४ टक्क्यांचं तसंच वापरलं तर त्वचा आणि डोळे भाजतात, तेव्हा बरंच पाणी मिसळून, हातमोजे घालून वापरा. जमिनीतली जाळी उचला, खालचा वाटीसारखा भाग ओढून काढा, केस काढा, परत बसवून पाणी ओता. पाणी न ओतल्यास गटाराचा वास वर येतो. खोबरेल तेल लावणाऱ्यांच्या न्हाणीत ही वाट लवकर तुंबते. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं आणि गार नळीत केसांना धरून बसतं. आधी कढत पाणी, मग साबण, मग केस काढणं, हा क्रम ठेवा.

शीतकपाट आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवा, खाली जाड टॉवेल. सोलापुरी टॉवेल यासाठी फार कामाचा. बर्फ सुरीने टोचू नका. आतली नळी फुटली तर नव्या कपाटाचे पैसे तुमच्याकडून जातात. उरलेलं खाणं बाहेर शून्याखाली असेल तर गॅलरीत पिशवीत ठेवता येतं, पण आधी हवामान पाहा, दक्षिणेत जानेवारीतही ४-५ अंश असू शकतात.

खिडक्यांच्या काचा थंडीत साध्या पाण्याने पुसल्या तर पाणी काचेवरच गोठतं. दुपारी, कोमट पाण्यात थोडं लाल स्पिरिट घालून पुसा. जुन्या इमारतींत दोन काचांच्या मधला भाग उघडतो, तोही.

सामाईक स्वयंपाकघर असेल तर तुमचा ओटा चकचकीत असून भागत नाही. तिथल्या घाणीचा खर्च सगळ्यांत वाटला जाऊ शकतो. मजल्यावरच्या बाकी मुलांशी १५ डिसेंबरच्या आत बोलून कामं वाटून घ्या, कारण त्यातली निम्मी नाताळाला घरी जातात.

काय विकायचं, काय आणायचं

वेळ साधा. डिसेंबरात सगळेच विकत असतात आणि कुणी घेत नाही. वसंत सत्राची नवी मुलं जानेवारीच्या मध्याला येतात, त्यातली अनेक जण पातळ जॅकेट घालून. रजई, उशी, बर्फाचे बूट, खिळ्यांचे पट्टे, टेबलाचा दिवा या वस्तूंना तेव्हा भाव येतो. जाहिरात ब्लॉकेट या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर आणि विद्यार्थ्यांच्या गटांत ५ जानेवारीच्या सुमारास टाका, हस्तांतर ठरवून ठेवा. सायकलला मात्र हिवाळ्यात गिऱ्हाईक नाही. मिळेल त्या किमतीला द्या किंवा पुढच्या भारतीय विद्यार्थ्याला देऊन टाका. रस्त्यावर सोडून दिलेली सायकल घरमालक चिठ्ठी लावून उचलतो. न विकलेले कपडे मिरोर्ना किंवा रेडक्रॉसच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, मोडकं सामान पुनर्वापर केंद्रावर. साचलेल्या बाटल्या आणि डबे दुकानातल्या यंत्रात टाकून त्यांच्यावर भरलेले ठेवीचे पैसे परत घ्या.

हवा काढायच्या पिशव्यांमुळे जागा वाचते, वजन नाही. दोन रजया चपट्या करून भरल्या की बॅग रिकामी दिसते आणि वजनकाट्यावर २३ किलोच्या पुढे जाते. हातात धरायचा छोटा काटा घ्या. सगळ्यात जड कोट आणि बूट अंगावर घालून निघा. बॅटरी बँक हातातल्या सामानातच, तपासणीच्या बॅगेत नाही.

बर्फाचे बूट सोलापुरात आणू नका, हे आमचं ठाम मत. त्यांचे तळवे बहुधा पॉलियुरेथेनचे असतात. न वापरता उष्णतेत पडून राहिले की काही वर्षांत भुगा होतो. लोकरीचे कपडे आणा, ते टिकतात. नेलेली सोलापुरी चादर तिथेच द्या. वजनाला जड आहे, आणि ज्याला मिळेल तो वर्षभर नाव काढेल.

पैसे

बँक खातं निघताना बंद करू नका. ठेव, शेवटचा पगार, विजेचा परतावा हे सगळं नंतर येतं. व्यायामशाळा, फोन, इंटरनेट यांचे आपोआप कापले जाणारे हप्ते मात्र डिसेंबरातच थांबवा, त्यांनाही महिनाभराची सूचना लागते. न भरलेलं बिल तिकडे शेवटी क्रोनोफोग्डेन या वसुली खात्याकडे जातं. पुन्हा युरोपात शिकायला किंवा नोकरीला जायचं असेल तर ती नोंद नको.

खोलीची ठेव थेट भारतात मागवायची असेल तर अर्जात 'आयबॅन', म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, मागतात. भारतात आयबॅन नसतो. तिथे खाते क्रमांक, आयएफएससी आणि स्विफ्ट संकेत लिहा आणि देशाला आयबॅन नसल्याचं सोबत कळवा. प्रत्येक शाखेला स्वतःचा स्विफ्ट संकेत नसतो. सोलापुरातल्या तुमच्या शाखेसाठी कोणता चालतो हे घरच्यांना बँकेत जाऊन विचारायला सांगा. चुकीचा संकेत टाकला तर पैसे आठवडे फिरतात आणि मधल्या बँका शुल्क कापून परत पाठवतात.

वर्षभर किंवा जास्त राहून पर्सनल नंबर (स्वीडिश ओळख क्रमांक) घेतलेल्यांनी स्काटेव्हेर्केट या कर कार्यालयाला देश सोडत असल्याचं निघण्याच्या किमान आठवडाभर आधी कळवायचं आणि भारतातला पत्ता द्यायचा. एका सत्रासाठी आलेल्यांना हा नंबरच नसतो, त्यांना हे लागू नाही.

निरोप

निरोपाला मित्रांना खायला बोलवाल तर आमंत्रणातच विचारा, कुणाला कशाची ॲलर्जी आहे. सोलापूरचं आपलं सगळं शेंगदाण्यावर चालतं, भाजीत कूट, आमटीत कूट, चटणी तर शेंगदाण्याचीच. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला थोड्याशा कुटानेही श्वास लागू शकतो. एकाला जरी असेल तर त्या दिवशी कूट डब्यात बंद ठेवा आणि भांडी आधी घासून घ्या. नसेल कुणाला तर बिनधास्त शेंगा आमटी करा, तिखट अर्ध्यावर आणा.

अभ्यास कितीही असो, १३ डिसेंबरची लुसिया सोडू नका. पहाटेच्या काळोखात मेणबत्त्या घेऊन गात येणारी मिरवणूक आणि केशराचे पाव, बहुतेक विद्यापीठांत आणि चर्चमध्ये प्रवेश मोकळा असतो. तासाभराचं काम आहे.

निघताना

बर्फाने गाड्या रखडतात. विमानतळाला पोचवणारी गाडी हवी असते त्याच्या दोन फेऱ्या आधीची पकडा. उप्सालातून स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाला ८०१ क्रमांकाची बस थेट जाते. लुंड-माल्मोवाल्यांना कोपनहेगनचा कास्ट्रुप विमानतळ जवळ, पुलावरून रेल्वेने. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी ४० टक्क्यांवरूनही अचानक बंद पडते. तिकीट आणि परवान्याची छापील प्रत ठेवा. निवास परवान्याची शेवटची तारीख आणि विम्याची मुदत विमानाच्या तारखेपुढे आहे ना, हे डिसेंबरातच पाहिलेलं असावं.

मुंबईहून सोलापूरचं आरक्षण विसरू नका. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे संक्रांतीच्या गाड्यांसाठी नोव्हेंबरच्या मध्याला. गड्ड्याच्या दिवसांत सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि वंदे भारत दोन्ही भरलेल्या असतात. विमान उतरणं आणि गाडी सुटणं यात पाच-सहा तास ठेवा. हैदराबादला उतरणं स्वस्त पडत असेल तर तोही मार्ग चांगला, रस्त्याने साधारण ३०० किलोमीटर.

सोलापुरात पोचल्यावर

दिवसा ३० अंश, रात्री पंधरा-सोळा. पूर्वेकडे आल्यामुळे पहिले काही दिवस रात्री दोन-तीनपर्यंत झोप येत नाही. सकाळी गच्चीवर उन्हात बसा, दुपारी झोपू नका, आठवड्यात घडी बसते. कोट आणि लोकर धुऊन सावलीत पूर्ण वाळवा आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून सुती पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहिली तर वास येतो.

विद्यापीठाचं ईमेल खातं काही काळाने बंद होतं आणि लाडोकचा प्रवेश त्याच खात्यावर असतो. लॉगिनचा संकेत स्वीडिश सिमवर येत असेल तर निघण्याआधीच तो भारतीय क्रमांकावर किंवा ॲपवर वळवलेला हवा. निकाल लागला की त्याच दिवशी निकालपत्र उतरवून महाविद्यालयात द्या आणि पोच घ्या. ठेव ठरलेल्या मुदतीत आली नाही तर सफाईनंतरचे फोटो जोडून ईमेल करा. तिकडे अर्धवेळ नोकरी केली असेल तर कर विवरणपत्राची मुदत मेच्या सुरुवातीला, बहुधा २ तारखेला असते. जास्त कापलेला कर परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच.